लुई सलिव्हन यांची ओवाटोन्नाची बँक कशी पाहावी

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात ओवाटोन्ना नावाचे एक लहान शहर आहे. तिथल्या बाजारपेठेत, बागेसमोरच्या कोपऱ्यावर, १९०८ मध्ये ‘नॅशनल फार्मर्स बँके’ची इमारत बांधून पूर्ण झाली. गावाची वस्ती तेव्हा साडेपाच हजारांच्या आसपास होती, आणि रचनाकार होते लुई सलिव्हन. सेंट लुईमधील वेनराइट बिल्डिंग, बफलोमधील गॅरंटी बिल्डिंग आणि शिकागोमधील ऑडिटोरियम यांसारख्या वास्तूंनी ज्यांचे नाव अमेरिकेत सर्वतोमुखी झाले होते, तेच सलिव्हन.

येथे येणारे बरेच जण गाडी कडेला लावून कमानीचे एक छायाचित्र घेतात आणि निघून जातात. अशा घाईत ही इमारत खऱ्या अर्थाने दिसत नाही. तिचा आकार एखाद्या पेटीइतका साधा आहे. तिचे सारे ऐश्वर्य रंगात आणि प्रकाशात आहे, आणि या दोन गोष्टी डोळ्यांना कळू लागायला वेळ लागतो. म्हणून पहिली सूचना हीच की हातात किमान दोन तास असावेत, आणि ते शक्यतो दुपारी उशिरा सुरू होऊन दिवेलागणीपर्यंत जावेत, अशी आखणी करावी.

निघण्यापूर्वी

ही वास्तू संग्रहालय म्हणून बांधलेली नाही आणि दीर्घकाळ ती बँकेच्या कामकाजासाठीच वापरली गेली आहे. त्यामुळे आतला भाग पाहायचा असेल तर कामकाजाच्या दिवशीच जावे लागते. शनिवार-रविवार आणि अमेरिकेतील संघीय सुट्ट्या टाळाव्यात, आणि प्रवेशाच्या वेळेची आधी खात्री करून घ्यावी. बँकेच्या आत छायाचित्रे घेण्यापूर्वी तेथील कर्मचाऱ्यांची परवानगी घेणे आवश्यक आहे आणि समोर कोणी ग्राहक व्यवहार करत असेल तर कॅमेरा खाली ठेवणे हे साध्या सभ्यतेचे लक्षण आहे. मिनियापोलिसहून इंटरस्टेट ३५ या महामार्गाने दक्षिणेकडे सुमारे ६५ मैल गेले की ओवाटोन्ना येते. सोबत एक लहान दुर्बीण घ्यावी. वरच्या कोपऱ्यांतील नक्षी डोळ्यांनी नीट दिसत नाही आणि फोनच्या कॅमेऱ्याने मोठी करून पाहिली तर तिचा रंग बिघडतो.

याहून महत्त्वाची तयारी म्हणजे त्या काळातील बँक म्हणजे काय होते हे समजून घेणे. अमेरिकेत ठेवींना संघीय विम्याचे संरक्षण १९३३ नंतर आले. त्यापूर्वी बँक बुडाली तर ठेवीदाराची आयुष्यभराची शिल्लक तिच्याबरोबर जाऊ शकत असे. शिवाय अनेक राज्यांत बँकांना शाखा काढण्यास मनाई किंवा मर्यादा होती, म्हणून लहान लहान गावांतही स्वतंत्र बँका होत्या. १९०० च्या कायद्याने तर तीन हजारांपर्यंत वस्ती असलेल्या गावात अवघ्या २५,००० डॉलर भांडवलावर राष्ट्रीय बँक, म्हणजे संघीय सरकारच्या परवान्यावर चालणारी खासगी बँक, काढण्याची मुभा दिली होती. अशा बँकेच्या मागे कोणतीही मोठी संस्था उभी नसे. ‘तुमचे पैसे इथे सुरक्षित आहेत’ हे ठेवीदाराला सांगण्याचे काम इमारतीलाच करावे लागे, आणि म्हणूनच बहुतेक बँका ग्रीक किंवा रोमन मंदिराचे खांब दारापुढे उभे करून बसल्या होत्या.

ओवाटोन्नाच्या बँकेचे उपाध्यक्ष कार्ल बेनेट यांना तसले उसने खांब नको होते. हार्वर्डमध्ये शिकलेला, संगीताची मनापासून ओढ असलेला हा माणूस. १९०६ मध्ये एका मासिकात सलिव्हन यांचा वास्तुकलेवरील लेख त्यांच्या वाचनात आला आणि त्यांनी थेट शिकागोला पत्र लिहिले. सलिव्हन यांचे दिवस तेव्हा पालटलेले होते. १८९३ च्या आर्थिक मंदीने बांधकामे थंडावली होती, १८९५ मध्ये भागीदार डँकमार ॲडलर वेगळे झाले होते, आणि नव्या शतकात मोठी कामे इतरांकडे जाऊ लागली होती. गगनचुंबी इमारतींचा हा रचनाकार एका शेतकी गावाच्या चौकोनी भूखंडापाशी आला तो या परिस्थितीत. हे मनात ठेवून समोर उभे राहिले की त्या विटांत त्याने किती जीव ओतला आहे हे अधिक जाणवते.

रस्त्यापलीकडून

इमारतीजवळ लगेच जाऊ नये. बागेच्या बाजूने, दोन्ही दर्शनी भिंती एकाच वेळी दिसतील अशी जागा शोधावी आणि तेथे बसावे. पहिली पाच-दहा मिनिटे नक्षीकडे दुर्लक्ष करून केवळ आकार पाहावा. ६८ फूट लांब, ६८ फूट रुंद आणि ४९ फूट उंच असा हा जवळजवळ घनाकार ठोकळा आहे. नंतर फुटपाथवरून एका भिंतीच्या कडेने चालत पावले मोजावीत. साधारण अडीच फुटांचे पाऊल धरले तर सत्तावीस पावलांत एक बाजू संपते. एवढ्या लहान इमारतीने संपूर्ण चौकाला वजन कसे दिले, हा प्रश्न येथे मनात आला पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या निरीक्षणांतून त्याचेच उत्तर मिळत जाते.

पहिले उत्तर प्रमाणात आहे. खाली लालसर वालुकाश्माचा पायथा, त्यावर विटांची सलग भिंत आणि माथ्यावर पायरीपायरीने पुढे येणारा विटांचा जाड कंगोरा, असे तीन भाग दिसतात. पाया, अंग आणि माथा ही विभागणी सलिव्हन यांनी उंच इमारतींसाठीही वापरली होती. येथे तीच आडवी आणि ठेंगणी होऊन जमिनीवर घट्ट बसली आहे. दुसरे उत्तर कमानीत आहे. प्रत्येक दर्शनी भिंतीत एकच कमान, आणि तिचा विस्तार ३६ फूट, म्हणजे भिंतीच्या निम्म्याहून थोडा अधिक. दहा खिडक्या असत्या तर ही इमारत दुमजली दुकानासारखी दिसली असती. एकच खिडकी, तीही एवढी प्रचंड असल्यामुळे डोळ्यांना मोजमाप करायला काही सापडत नाही आणि ठोकळा आहे त्याहून कितीतरी मोठा भासतो. पायथ्यातल्या खिडक्या मात्र लहान आणि दगडात खोल बसवलेल्या आहेत. पैसा ठेवण्याच्या जागेने जमिनीलगत बंदिस्त असावे आणि डोक्यावर उजेडाला मोकळे असावे, हा विचार त्यातून स्वच्छ वाचता येतो.

यानंतर भिंतीभोवतीची चौकट पाहावी. विटांच्या विस्तीर्ण पृष्ठावर निळसर हिरव्या काचेच्या मोझॅइकची पट्टी आणि तिच्या सोबतीने हिरव्या-तपकिरी झिलईच्या टेराकोटाची, म्हणजे भाजलेल्या मातीची, रुंद पट्टी फिरवलेली आहे. वरच्या कोपऱ्यांत टेराकोटाची मोठी मानचिन्हे आहेत. दुर्बीण वापरायची ती येथे. ही पट्टी झाकून भिंत कशी दिसेल याची कल्पना करून पाहावी. चौकट काढली की भिंत केवळ भिंत उरते. चौकटीमुळे ती विणलेल्या वस्त्रासारखी ताणून बसवल्याप्रमाणे वाटते. सलिव्हन यांच्या या छोट्या बँकांना पुढे ‘दागिन्यांच्या पेट्या’ असे लाडके नाव पडले. ते नाव मला पूर्ण पटत नाही, कारण पेटीत दागिना आत असतो आणि बाहेरचे केवळ आवरण असते. येथे बाहेरची भिंतही तितक्याच मायेने घडवलेली आहे.

हाताच्या अंतरावरून

आता भिंतीजवळ जावे, अगदी हात लागेल इतके. विटेचा एक चौरस फुटाचा तुकडा निवडावा आणि त्यातील छटा मोजाव्यात. दुरून लाल-तपकिरी वाटणाऱ्या भिंतीत जवळून पिवळट, गेरूसारख्या, जांभळट आणि काळपट विटा शेजारी शेजारी दिसतात. त्यांचा पृष्ठभागही गुळगुळीत नसून खरखरीत आहे. विटा पाडताना मातीची लगदी तारेने कापली की असा खडबडीत चेहरा मिळतो, आणि प्रत्येक विटेवर ऊन थोडे वेगळे पडते. या विटांना त्या व्यवसायात टॅपेस्ट्री वीट, म्हणजे विणलेल्या भिंतपडद्यासारखी वीट, म्हणत. सकाळी आणि सायंकाळी त्याच तुकड्याकडे पुन्हा पाहिले तर रंग बदललेला आढळतो. ज्यांना छायाचित्रे घ्यायची आहेत त्यांनी दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात घेऊ नयेत. तिरके ऊन असल्याखेरीज या खडबडीतपणाचा मागमूस चित्रात येत नाही.

टेराकोटाचा भाग सर्वाधिक वेळ मागतो. टेराकोटा म्हणजे भाजलेली माती, दगडात कोरलेले काम नव्हे; हा फरक ध्यानात असल्याशिवाय नक्षीचे रहस्य उलगडत नाही. प्रथम कागदावर रेखाटन, मग त्यावरून कारागीर ओल्या मातीत पूर्ण आकाराचा नमुना घडवतो. भट्टीत माती आकसते, म्हणून हा नमुना प्रत्यक्षापेक्षा मोठा करावा लागतो, साधारण फुटामागे एक इंच या हिशेबाने. नमुन्यावरून प्लास्टरचा साचा काढतात, साच्यात माती हाताने दाबून भरतात, मागची बाजू पोकळ ठेवून आतून पडदे घालतात, तुकडा वाळवून त्यावर झिलई चढवतात आणि कित्येक दिवस भट्टीत भाजतात. भट्टीतून निघालेल्या तुकड्यांना क्रमांक देऊन ते बांधकामावर पाठवले जातात. ओवाटोन्नाचे टेराकोटा इलिनॉय राज्यातील अमेरिकन टेराकोटा कंपनीत तयार झाले, आणि मातीचे नमुने घडवणारे क्रिस्टियन श्नायडर हे सलिव्हन यांची रेषा इतकी जाणत की त्यांच्या हातून पान उलगडावे तसे काम उतरत असे.

हे समजले की प्रथम सांधे शोधावेत. वेलबुट्टी अखंड वाहत असल्यासारखी दिसते, पण नीट पाहिले की ठरावीक अंतरावर केसासारखी बारीक दरज आढळते; तेथे एक तुकडा संपतो आणि दुसरा सुरू होतो. पान बहुतेकदा दरजेवरून अशा बेताने पुढे सरकते की सांधा पानाच्या शिरेत किंवा सावलीत लपतो. असा लपलेला सांधा एकदा सापडला की पुढचे आपोआप सापडू लागतात, आणि मग पट्टीची पुनरावृत्तीही दिसते: एकाच साच्यातून निघालेले तुकडे पुन्हा पुन्हा येतात, तरी दोन तुकड्यांची झिलई तंतोतंत सारखी नसते. भट्टीत ज्वाळेच्या जवळ असलेला तुकडा थोडा गडद उतरतो. यंत्रयुगातील साचेकामात इतके जिवंत वैविध्य सापडावे, ही माझ्या दृष्टीने या इमारतीची सर्वांत हृद्य गोष्ट आहे.

नक्षी वाचण्याची एक पद्धत आहे. प्रत्येक आकृतीत आधी भूमिती शोधावी: वर्तुळ, चौकोन, षट्‌कोन, त्यांचे कर्ण. नंतर त्या भूमितीच्या बिंदूंतून पाने, देठ, कोंब कसे फुटतात ते पाहावे. सलिव्हन यांच्या विचारात अंकुरणाऱ्या बीजाला मध्यवर्ती स्थान होते. दोन दलांचे बी उलगडते आणि त्यातून अनंत आकार निघू शकतात, असे ते मानत. त्यामुळे त्यांच्या पानांची नावे वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात शोधत बसू नये. ते कोणत्याही एका झाडाचे पान नाही, तर वाढ या क्रियेचे चित्र आहे. कडक रेषा आणि मऊ वाढ यांतील ताण ज्याला दिसला त्याला सलिव्हन यांची कोणतीही इमारत वाचता येईल.

येथे श्रेयाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सलिव्हन यांच्या कार्यालयातील प्रमुख आरेखक जॉर्ज ग्रँट एल्मस्ली यांचा या बँकेच्या रेखाटनांत आणि तपशिलांत मोठा वाटा आहे, हे अभ्यासकांनी मान्य केले आहे. रंगीत काचेचे काम शिकागोचे लुई मिले यांचे. एका नावाने ओळखली जाणारी वास्तू प्रत्यक्षात अनेक हातांची असते, आणि पाहणाऱ्याने ते हात ओळखले तर मुख्य रचनाकाराचे मोठेपण कमी होत नाही.

जवळून पाहताना इमारतीच्या प्रकृतीकडेही लक्ष द्यावे. टेराकोटाचा शत्रू पाणी आहे. झिलईला तडा गेला किंवा दरजेतील चुना निघाला की पाणी आत शिरते, आतील लोखंडी आकडे गंजतात, गंज फुगतो आणि तुकडा आतून फुटतो. थंड प्रदेशात तर साचलेले पाणी गोठूनही तेच करते. मिनेसोटाच्या हिवाळ्यात शंभराहून अधिक वर्षे उभ्या राहिलेल्या पट्टीत कुठे नवी दरज भरलेली आहे, कुठे रंग किंचित वेगळा आहे, हे शोधल्याने देखभालीचा इतिहास हाती लागतो. भिंतीला हात लावून पाहण्याचा मोह होतो, परंतु झिलईवर नखाने किंवा किल्लीने टकटक करून पाहू नये.

आत गेल्यावर

दारातून आत गेल्यावर लगेच वर पाहू नये. बाहेरच्या उजेडाने डोळे दिपलेले असतात, म्हणून दोन-तीन मिनिटे एका बाजूला शांत उभे राहावे. बाहेरून काळपट, जवळजवळ निर्जीव दिसलेल्या कमानीतील काचा आता आतून पेटल्यासारख्या दिसू लागतात, कारण रंगीत काच तिच्यातून प्रकाश येतो तेव्हाच बोलते. हिरवा रंग प्रमुख आहे, त्यात पिवळ्या आणि सोनेरी छटा मिसळलेल्या आहेत. छताच्या काचेतूनही उजेड उतरतो. भिंतींवरील रंगकाम, टेराकोटाच्या पट्ट्या, काचा या सगळ्यांतून एकच हिरवट-सोनेरी वातावरण तयार होते, उन्हाळ्याच्या अखेरीस पिकू लागलेल्या शेतात उभे राहिल्यासारखे. रचना चालू असताना सलिव्हन यांनी बेनेट यांना लिहिलेल्या पत्रांत या रंगयोजनेची तुलना संगीतरचनेशी केली होती, आणि संगीतप्रेमी बेनेट यांना ते कळायला वेळ लागला नसावा.

यानंतर खोलीच्या मध्याजवळ, कोणाच्या वाटेत न येता, उभे राहून चारही भिंती सावकाश फिरून पाहाव्यात. दोन भिंतींत कमानीच्या खिडक्या आहेत. उरलेल्या दोन भिंतींत त्याच मापाच्या कमानी आहेत, परंतु त्यांत काचेऐवजी ऑस्कर ग्रॉस यांची भित्तिचित्रे आहेत. एकात कुरणातली दुभती जनावरे, दुसऱ्यात कापणी. हे विषय सजावटीसाठी निवडलेले नाहीत. या भागाची समृद्धी दूधदुभत्यावर आणि धान्यावर उभी होती, आणि बँकेत येणारा शेतकरी कर्जाच्या कागदावर सही करताना मान वर करून स्वतःचीच जमीन पाहू शकत होता. ग्रीक देवतांची चित्रे काढून त्याला दबवता आले असते. त्याऐवजी त्याच्या गाईंना खिडकीएवढा मान दिला गेला. माझ्या मते ही इमारत पाहायला येण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

मग झुंबरे पाहावीत. ओतीव लोखंडाची ही चार झुंबरे एल्मस्ली यांनी रेखाटलेली असून प्रत्येकाचे वजन सुमारे सव्वादोन टन आहे. वजनाचा आकडा मनात ठेवून त्यांच्याकडे पाहिले तरी ती लोंबणाऱ्या फळांच्या घोसासारखी हलकी वाटतात. विजेचा दिवा तेव्हा नवा होता. मेणबत्त्यांच्या झुंबराची नक्कल न करता विजेच्या गोळ्यांसाठी नवा आकार शोधण्याचा येथे केलेला प्रयत्न दिसतो. झुंबराच्या बरोबर खाली उभे न राहता थोडे तिरके उभे राहावे, म्हणजे त्याचे थर एकमेकांत कसे गुंतले आहेत ते कळते.

यापुढचे काम अधिक अवघड आहे, कारण जे नाही ते पाहायचे आहे. मूळ रचनेत ग्राहक मधल्या मोकळ्या जागेत उभा राहत असे आणि त्याच्याभोवती नक्षीदार जाळ्यांच्या आड रोखपाल बसत. बँकेचे अधिकारीही बंद दारांमागे नव्हे, तर ग्राहकाच्या नजरेसमोर असत. शेतकऱ्यांना आपापसांत बोलण्यासाठी एक खोली होती आणि गावाबाहेरून आलेल्या स्त्रियांना बसण्यासाठी वेगळी खोली होती. त्या काळी खेड्यातून बाजाराला येणे म्हणजे अख्खा दिवस जात असे, हे लक्षात घेतले की या दोन खोल्यांमागचा कनवाळूपणा समजतो.

हे बरेचसे गेले. पहिल्या महायुद्धानंतर शेतमालाचे भाव कोसळले, शेतीकर्जे थकली आणि १९२६ मध्ये नॅशनल फार्मर्स बँक बुडाली. ज्या बेनेट यांनी हे स्वप्न पाहिले होते त्यांच्या हातून ती गेली. इमारत दुसऱ्या बँकेकडे आली आणि १९४० मध्ये ‘आधुनिकीकरणा’च्या नावाखाली रोखपालांच्या जाळ्या आणि आतील मांडणीचा बराच भाग काढून टाकण्यात आला. ती मोडतोड वाचताना आजही वाईट वाटते. पुढे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात वास्तुरचनाकार हार्वेल हॅमिल्टन हॅरिस यांनी उरलेल्या गोष्टींचा मान राखत आतील भागाचे नूतनीकरण केले, आणि १९७६ मध्ये वास्तूला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. १९८१ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने तिचे चित्र असलेले १८ सेंटचे तिकीटही काढले. आज जमिनीलगतचे काउंटर आणि माथ्यावरची नक्षी यांत जो खंड जाणवतो तो पाहणाऱ्याच्या नजरेचा दोष नाही. तेथे खरोखरच मधला धागा तुटलेला आहे. कमानीच्या पायापासून वर पाहिले तर १९०८ च्या इमारतीला सर्वाधिक जवळून भेटता येते.

शेवटी बाहेर येऊन पुन्हा बागेच्या बाजूला बसावे. अंधार पडू लागला आणि आत दिवे असले तर दुपारी काळ्या वाटलेल्या कमानीच आता उजळतात आणि विटांची भिंत मागे सरते. हिवाळ्यात हे दृश्य पाच वाजण्याच्या सुमारासच दिसू लागते, हा मिनेसोटाच्या थंडीचा एक लाभ.

आणखी वेळ असेल तर

सलिव्हन यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात मध्य-पश्चिमेतील लहान गावांत बँका आणि बँकसदृश संस्थांच्या एकूण आठ इमारती केल्या. ओवाटोन्ना ही त्यांतील पहिली. सगळ्या एका दमात पाहू नयेत. दुसरी पाहताना पहिलीशी ताडून पाहण्याइतका अवकाश मनात राहिला पाहिजे. आयोवातील सीडर रॅपिड्सची बँक बाहेरून कमालीची साधी आहे, आणि ओवाटोन्नाची नक्षी डोळ्यांत ताजी असताना ती पाहिली की अलंकाराशिवायही सलिव्हन यांचा ठोकळा उभा राहतो हे पटते. २००८ च्या महापुरात तिच्यात पाणी शिरले होते. त्याच राज्यातील ग्रिनेलची १९१४ ची बँक याच्या उलट आहे: बाकी भिंत जवळजवळ कोरी, आणि दारावरच्या गोल खिडकीभोवती वर्तुळे व चौकोन एकमेकांत घुसवलेला टेराकोटाचा एकच प्रचंड उद्रेक. तेथे मी वाचकाला रस्त्यापलीकडे जास्त वेळ थांबायला सांगेन. ओहायोतील न्यूअर्कची इमारत विटांची नसून करड्या-हिरवट टेराकोटाच्या फरश्यांनी मढवलेली आहे. त्याच राज्यातील सिडनीच्या इमारतीत दारावरील निळ्या मोझॅइकमध्ये ‘थ्रिफ्ट’, म्हणजे काटकसर, हा एकच शब्द लिहिलेला आहे. इंडियानातील वेस्ट लाफायेट आणि आयोवातील अल्गोना येथील कामे लहान असून, वाटेत आली तरच थांबावे.

तुलनेसाठी सलिव्हन यांच्याच तालमीत १८९३ पर्यंत काम केलेल्या फ्रँक लॉइड राइट यांची आयोवातील मेसन सिटी येथील १९१० ची बँक आणि तिला जोडलेले हॉटेल जरूर पाहावे. ओवाटोन्नाहून ते सुमारे ७५ मैलांवर आहे. गुरूने एका कमानीने जे साधले ते शिष्याने आडव्या रेषांनी कसे साधले, हे एकाच दिवसात पाहता येते. एल्मस्ली यांचा हात स्वतंत्रपणे ओळखायचा असेल तर मिनेसोटातीलच विनोना येथे त्यांनी विल्यम पर्सेल यांच्या भागीदारीत १९१२ मध्ये केलेली बँक आहे. ती पाहून झाल्यावर ओवाटोन्नाच्या आठवणीतील कोणती वळणे कोणाची, याचा अंदाज बांधता येतो.

शक्य असेल तर विस्कॉन्सिनमधील कोलंबस शेवटी ठेवावे. तेथील ‘फार्मर्स अँड मर्चंट्स युनियन बँक’ ही या मालिकेतील अखेरची इमारत. तिच्या दारावर हिरव्या संगमरवराची आडवी पाटी आहे. एका टोकाला बँक स्थापन झाल्याचे वर्ष १८६१, दुसऱ्या टोकाला इमारतीचे वर्ष १९१९, आणि त्याच पाटीवर रचनाकार म्हणून लुई सलिव्हन यांचे नाव. १४ एप्रिल १९२४ रोजी शिकागोमधील एका हॉटेलच्या खोलीत, हातात जवळपास काहीच काम नसताना, त्यांचे निधन झाले. कोलंबसच्या या बँकेत आत पोटमाळ्यावर बँकेने जपलेल्या जुन्या वस्तूंचे लहानसे प्रदर्शन आहे. कामकाजाच्या वेळेत विचारणा केल्यास ते पाहता येते.